लाकूड खरं, खुर्ची खोटी

सुरतेत हिऱ्याची जन्मकथा यंत्र सांगतं. जमिनीच्या पोटात घडलेला खडा आणि सीव्हीडी यंत्रात वाढवलेला खडा, दोन्ही हिरेच. मुरलेल्या कारागिरानं दहापट आयग्लास डोळ्याला लावला तरी त्याला फरक सांगता येईलच असं नाही. म्हणून खडा प्रयोगशाळेत जातो, त्याचा वर्णपट तपासला जातो, दाखला मिळतो आणि गर्डलवर, म्हणजे खड्याच्या कडेवर, लेझरनं दाखल्याचा क्रमांक कोरला जातो. कतारगामच्या इंडियन डायमंड इन्स्टिट्यूटमध्ये १९७८ पासून या धंद्याचं रीतसर शिक्षण मिळतं. लिंबायत, उधन्याच्या आपल्या खानदेशी वस्त्यांतल्या पोरांनाही 'नॅचरल' आणि 'लॅबग्रोन' हे शब्द पाठ असतात. दाखल्याशिवाय मोठा खडा हातात घ्यायचा नाही, हे इथे शिकवावं लागत नाही.

त्याच शहरात जुन्या फर्निचरच्या व्यवहाराला कुठलाच दाखला नाही. वेसू, पिपलोद, डुमस रोडकडच्या नव्या घरांच्या सजावटीत आता वेताच्या बैठकीची, व्ही आकाराच्या पायांची सागवानी खुर्ची शोभेला आली आहे. ती चंदीगडची, १९५०-६० च्या दशकांतली, 'ओरिजिनल' असल्याचं सांगितलं की किंमत बदलते. खरी असेल तर परदेशातल्या लिलावात अशा खुर्च्यांच्या जोडीला छोट्या मोटारीइतका भाव येतो. नसेल तर ती चांगल्या सुताराची मजुरी अधिक लाकूड, एवढ्याच मोलाची. हे अंतर ठरवायचं कसं, याचा हा आढावा. माझं मत आधीच सांगतो. लाकूड तपासून खोटी खुर्ची पकडता येते, पण खरी खुर्ची सिद्ध करता येत नाही. खरेपणाचा पुरावा कागदावर असतो, आणि तो कागद आपण आपल्या हातानं रद्दीत घातला आहे.

गोष्ट चंदीगडपासूनच सुरू करायला हवी, कारण भारतात 'मिड-सेंच्युरी' म्हणून जे विकलं जातं त्यातला सर्वांत महागडा भाग तिथला आहे. फाळणीत लाहोर गेलं आणि पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही. नवं शहर आखायला वास्तुविशारद ल कॉर्बुझिए आले. ते वर्षातून दोनदा येऊन जायचे. त्यांचे चुलतभाऊ पिएर जानेरे १९५१ मध्ये आले आणि १९६५ पर्यंत तिथेच राहिले. १९६७ मध्ये जिनिव्हात त्यांचं निधन झालं, पण त्यांच्या इच्छेनुसार रक्षा चंदीगडच्या सुखना तलावात सोडली. सचिवालय, उच्च न्यायालय, विधानसभा, पंजाब विद्यापीठ, वाचनालयं, सरकारी क्वार्टर्स, अशा सगळ्यांना एकाच वेळी खुर्च्या-टेबलं हवी होती. बाहेरून मागवणं परवडणारं नव्हतं. तेव्हा साग, शिसम, वेत असा देशातलाच माल घेऊन आणि गावातल्या सुतारांना जमेल असे सांधे ठेवून जानेरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे फर्निचर आखलं. आराखडा कार्यालयातून निघायचा, काम कंत्राटदाराकडे जायचं, आणि वर्षानुवर्षं वेगवेगळ्या कारखान्यांतून तीच खुर्ची पुन्हा पुन्हा बनत राहायची.

ओळख पटवण्याची सगळी अडचण इथेच जन्माला आली. डेन्मार्कमधल्या किंवा अमेरिकेतल्या त्या काळच्या खुर्चीवर कारखान्याचं लेबल असतं, बिल्ला असतो, डाग देऊन उमटवलेलं नाव असतं. चार्ल्स आणि रे ईम्स यांची प्रसिद्ध लाउंज चेअर हर्मन मिलर कंपनी १९५६ पासून बनवते आहे. तिची लेबलं, गादीच्या आतलं भरण, हाताखालच्या स्क्रूंची संख्या काळानुसार बदलत गेली, आणि जाणकार त्यावरून वय सांगतात. चंदीगडच्या खुर्चीचा असा एकच एक कारखाना नव्हता. एका कंत्राटदारानं पाय थोडा जाड ठेवला, दुसऱ्यानं पाठीचा कल बदलला. दोन्ही खुर्च्या खऱ्या, तरी मापं जुळत नाहीत. त्यामुळे 'मापात बसत नाही म्हणून खोटी' असं म्हणता येत नाही, आणि 'तंतोतंत जुळते म्हणून खरी' असंही नाही. उलट आजची नक्कल पुस्तकातल्या मापांवरून बनते, म्हणून तीच जास्त जुळते. लिलावाच्या सूचीत या खुर्च्यांना पीजे-एसआय अशी अक्षरं आणि पुढे आकडा असतो. तो क्रमांक चंदीगडच्या सरकारनं दिलेला नाही. नंतरच्या काळात युरोपातल्या विक्रेत्यांच्या पुस्तकातून तो रूढ झाला. त्या क्रमांकाला सरकारी शिक्का समजून पैसे मोजू नयेत.

मग खुर्चीवर सरकारी असं काय असतं? पाठीमागे किंवा पायावर रंगानं घातलेली अक्षरं आणि आकडे. आपल्याकडे शाळेत, तहसील कचेरीत, जिल्हा परिषदेत नोकरी केलेल्या कुणालाही ते काय आहे हे सांगायला नको. तो डेडस्टॉकचा नंबर. जडवस्तू नोंदवहीत त्या खुर्चीची ओळ असते, खरेदीची तारीख असते, किंमत असते, पुरवठादाराचं नाव असतं. चंदीगडच्या खुर्च्यांवरचे स्टेन्सिलचे नंबर म्हणजे हेच. कुठलं खातं, कुठली इमारत, कितवी वस्तू. परदेशी ग्राहकाला ही अक्षरं पाहून गहिवरून येतं, आणि म्हणूनच तीच सर्वांत आधी खोटी केली जातात. पत्र्याचा साचा आणि डबाभर रंग, एवढंच त्याला लागतं. नंबराला अर्थ असतो तो नोंदवहीतल्या ओळीमुळे. नोंदवही नसेल तर तो नुसता रंग.

नोंदवह्यांचं काय झालं, ते आपण सगळे जाणतो. ऐंशी-नव्वदच्या दशकांत लोखंडी आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या, वेत फाटले, दुरुस्तीला मंजुरी मिळेना. मोडक्या सागवानी खुर्च्या गच्चीवर, जिन्याखाली, व्हरांड्याच्या टोकाला ढिगानं रचल्या गेल्या. मग समिती बसली, माल 'कंडम' ठरला, निर्लेखनाचा कागद झाला आणि भंगाराच्या भावात लॉट लिलावात निघाले. नव्वदच्या दशकाच्या शेवटाशेवटाला पॅरिसचे काही विक्रेते चंदीगडला पोचले आणि त्यांनी हे लॉट उचलले. त्यात बेकायदा काही नव्हतं. लिलाव सरकारनंच लावला होता. पुढे तोच माल पॉलिश होऊन पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कच्या लिलावांत दिसू लागला तेव्हा आपले डोळे उघडले. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयानं चंदीगडच्या अशा वारसा-वस्तूंच्या विक्रीवर निर्बंध घातले. शहरात उरलेल्या वस्तूंची मोजदाद झाली, ती १२,७९३ भरली. २०१६ मध्ये तिथलं कॅपिटॉल संकुल युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. खुर्च्यांचा आधीचा वाटा मात्र निघून गेला होता.

कायद्याचा आधारही तोकडा आहे. १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्याप्रमाणे वस्तू पुरावशेष ठरायला साधारणपणे १०० वर्षं व्हावी लागतात. १९५५ ची खुर्ची त्यात बसायला २०५५ उजाडेल. तोवर ती परदेशी गेली तर हा कायदा आड येत नाही. आणि परदेशातल्या लिलावगृहाला विचारलं की ते तोच जुना सरकारी लिलावाचा कागद दाखवतात. त्यांच्या बाजूनं ते रास्तच आहे.

आणखी एक प्रश्न फारसा कुणी विचारत नाही, तो म्हणजे खुर्ची खरी असली तरी ती कुणाची? सूचीत 'पिएर जानेरे' हे एकच नाव येतं, कारण ते नाव विकलं जातं. त्या कार्यालयात उर्मिला यूली चौधरी होत्या, जीत मल्होत्रा होते, आदित्य प्रकाश होते. फर्निचरच्या आखणीत या भारतीय वास्तुविशारदांचा हात होता, विशेषतः चौधरींचा. ज्या सुतारांनी आराखड्यातली चूक लाकडावर दुरुस्त केली त्यांची तर नावंच नाहीत. ओळख पटवणं म्हणजे फक्त वय ठरवणं नव्हे. कर्तृत्व कुणाच्या खाती जमा होतं तेही त्यातच येतं, आणि या खात्यावर आजवर मोठा अन्याय झाला आहे.

आता खुर्ची हातात घेऊ. पहिली गोष्ट, ती उलटी करायची. विक्रेता वरची बाजू दाखवतो, तपासणाऱ्यानं खालची बघायची. बैठकीच्या खालचं लाकूड पॉलिशवाल्यानं सहसा सोडलेलं असतं. तिथे साग हवेनं आणि धुळीनं काळवंडतो, पण सगळीकडे सारखा नाही. जिथे वेताची वीण येते तिथे फिका, कडेला गडद. जुनेपणा चढवलेल्या नकलेत हा रंग एकसारखा असतो, कारण तो एकाच बादलीतून आलेला असतो. मग पायांचे तळवे. साठ वर्षं फरशीवर मागे-पुढे ओढलेल्या खुर्चीचे मागचे पाय पुढच्यांपेक्षा जास्त झिजतात आणि तेही तिरके. हात टेकायच्या जागी टोकाला, जिथे बोटं वळतात, तिथे लाकूड गुळगुळीत होऊन धार गेलेली असते. खोटेपणा करणारा पॉलिशपेपरनं सगळ्या धारा मारतो. माणूस मात्र जिथे हात लावतो तिथेच धार मारतो.

मग सांधे. कुसू खोबणीत बसलेलं कसं आहे, ते फटीतून बघावं. हाताच्या पटाशीनं कोरलेल्या खोबणीचे कोपरे थोडे कमीजास्त असतात. राउटर फिरवलेल्या खोबणीचे कोपरे गोल. सांध्यात काय भरलं आहे, हे सर्वांत बोलकं. पूर्वीचा सुतार सरस उकळून लावायचा, तो सुकला की तपकिरी, ठिसूळ, काचेसारखा तुटतो. पांढरं फेविकॉल बाजारात आलं ते १९५९ मध्ये, आणि गावोगावच्या सुतारांच्या हातात रुळायला आणखी वर्षं गेली. १९५५ च्या म्हणून सांगितलेल्या खुर्चीच्या प्रत्येक सांध्यात पांढरट, लवचीक गोंद दिसला तर थांबावं. एखाद्याच सांध्यात दिसला तर ती दुरुस्ती असू शकते. सरकारी खुर्ची दुरुस्त झालीच नसेल, हेच अवघड. स्क्रूचंही तेच. एक चीर असलेला स्क्रू जुना, अधिक चिन्हाचा स्क्रू नंतरचा. पण जुना स्क्रू जुन्या बाजारात किलोनं मिळतो, म्हणून स्क्रू बघण्यापेक्षा स्क्रूचं भोक बघावं. जुन्या लोखंडानं सागात सोडलेला काळा डाग भोकाच्या आत खोलवर उतरलेला असतो. तो वरून रंगवता येत नाही.

वेत जुना असो की नवा, त्यावर निकाल देऊ नये. वेत दहा-पंधरा वर्षांत फाटतो आणि पुन्हा विणला जातो. विणलेला वेत नवा आणि भोकं झिजून लांबट झालेली, हे लक्षण चांगलं. भोकं गोल, करकरीत आणि वेत मात्र मुद्दाम काळवंडवलेला, हे लक्षण वाईट.

पॉलिशची परीक्षा सुरतेइतकी सोपी दुसरीकडे कुठेच नसेल. हिऱ्याचा फ्लोरोसन्स बघायचा अतिनील दिवा इथे कुठल्याही हिऱ्याच्या कार्यालयात असतो. अंधारात तो खुर्चीवर धरला तर चपडा लाखेचं जुनं पॉलिश नारिंगी झळकतं, आणि आजचं पॉलियुरेथिन तसं झळकत नाही. नारिंगी थर फटींत, कोपऱ्यांत उरलेला आणि मधल्या जागी नाही, असं दिसलं तर खुर्ची कधीतरी घासून पुन्हा पॉलिश केली आहे. एकसारखा नारिंगी दिसला तर दोन शक्यता राहतात. खुर्चीला हात लागलेला नाही, किंवा काल कुणी मुद्दाम चपड्याचं पॉलिश केलं आहे.

सुरतेच्या जुन्या घरांतल्या लाकडाला मात्र एक खूण आहे जिच्यावर माझा सर्वांत जास्त विश्वास आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सुमारे ९ लाख क्युसेक पाणी सोडलं गेलं आणि तापीनं शहराचा मोठा भाग बुडवला. रांदेर, अडाजण, नानपुरा भागांत तळमजल्यावरचं सामान पाण्यात राहिलं. त्यातून वाचलेल्या कपाटावर, टेबलावर, खुर्चीच्या पायांवर एका उंचीला आडवी रेघ असते. तिच्या खालचं लाकूड करडं, वरचं तांबूस. सांध्याच्या आत तापीचा बारीक गाळ अडकलेला असतो, सुई घातली तर पावडरीसारखा बाहेर येतो. या खुणेनं किंमत उतरते, म्हणून ती खोटी करायच्या भानगडीत कुणी पडत नाही. वस्तू २००६ च्या आधी सुरतेत होती, एवढं तरी ती निश्चित सांगते. तपासणीचा हा नियमच धरावा. भाव वाढवणाऱ्या खुणेकडे संशयानं बघावं आणि भाव पाडणाऱ्या खुणेवर विसंबावं.

सुरतेची स्वतःची अशी एक जुनी कारागिरी आहे, तिचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. सादेली. हस्तिदंत, शिंग, कथिल, वेगवेगळ्या रंगांची लाकडं यांच्या बारीक कांड्या सरसानं एकत्र चिकटवायच्या, त्यांची जुडी बांधायची आणि तिचे आडवे पातळ काप काढून पेटीवर, चौकटीवर, टेबलाच्या वरच्या फळीवर बसवायचे. इराणकडून सिंधमार्गे मुंबई-सुरतेला आलेली ही कला मुख्यतः पारशी घरांनी वाढवली. एकोणिसाव्या शतकात तिच्या पेट्या इंग्लंडला जायच्या. आज ती करणारी मोजकी घरं उरली आहेत आणि हस्तिदंताच्या जागी प्लॅस्टिक आलं आहे. त्यामुळे सादेलीत वय ठरवणं तुलनेनं सोपं जातं. पण खरी आणि जुनी ठरली की अडचण सुरू होते, कारण वन्यजीव कायद्यातल्या १९८६ आणि १९९१ च्या दुरुस्त्यांनंतर हस्तिदंताचा व्यापार बंद आहे. तिथे खरेपणा सिद्ध झाला की विक्रीच थांबते. खुर्च्यांच्या बाजारात खरेपणा म्हणजे पैसा. सादेलीच्या जाणकारांची साक्ष मला म्हणूनच जास्त निःस्पृह वाटते.

लाकडाबद्दल इथल्या लोकांना कुणी शिकवू नये. सुरतेच्या पाठीशी डांगचं जंगल आहे. वलसाडी साग हे नाव मुंबई-पुण्याच्या सुतारांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहे. गायकवाड सरकारनं १९१३ मध्ये बिलिमोरा ते वघई ही नॅरोगेज गाडी घातली ती मुख्यतः हे लाकूड उतरवायला. डांग महाराष्ट्रात की गुजरातेत, यावर वाद झाला आणि १९६० मध्ये तो गुजरातेत गेला. लाकूड मात्र दोन्हीकडे येत राहिलं. जंगलात सावकाश वाढलेल्या जून सागाची वर्षकडी दाट असते, गाभा गर्द सोनेरी-तपकिरी, हाताला तेलकट. आज कांडला बंदरातून येणारा लागवडीचा परदेशी साग लवकर वाढवलेला असतो, त्याच्या वर्षकड्या रुंद आणि कडेला पिवळट-पांढरं लाकूड जास्त. पायाच्या तळव्याला आडवा काप दिसतो, तिथे या कड्या मोजता येतात. बोटाच्या पेरात तीन-चार कड्याच दिसल्या तर लाकूड नवं असल्याचा दाट संशय घ्यावा.

प्रयोगशाळा काय करू शकते? बरंच काही, आणि तरी पुरेसं नाही. १९५० च्या दशकातल्या आणि १९६३ पर्यंतच्या अणुचाचण्यांमुळे हवेतलं कार्बन-१४ जवळपास दुप्पट झालं. त्यानंतर वाढलेल्या प्रत्येक झाडाच्या कड्यांत त्याची नोंद आहे. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत (पीआरएल) कार्बन-१४ मोजायची सोय आहे. १९५५ ची म्हणवणाऱ्या खुर्चीच्या लाकडात हा वाढीव कार्बन सापडला तर प्रश्न मिटला, खुर्ची खोटी. पण सापडला नाही तर? ऐंशी वर्षांचं झाड परवा तोडलं असेल, आणि तपासलेला तुकडा त्याच्या मधल्या, जुन्या कड्यांचा असेल. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेत सागाच्या वर्षकड्यांवरून मागच्या शतकांचा पाऊस शोधला गेला आहे. ती पद्धत खुर्चीला लावावी तर पायात मिळतात जेमतेम काही कड्या, आणि तेवढ्यावर कुठलाच शास्त्रज्ञ सही करणार नाही.

त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. जुनं लाकूड मिळवणं आपल्याकडे फार सोपं आहे. गोपीपुऱ्यातली, रांदेरमधली, पुण्याच्या पेठांतली, गिरगावातली जुनी घरं पाडली जातात आणि त्यांच्या तुळया, खांब, दारं वखारीत येतात. शंभर वर्षांच्या तुळईतून कालची खुर्ची निघते. लाकूड खरं, साग खरा, कड्या दाट, कार्बन जुना, खिळ्यांची भोकंसुद्धा खरी. खुर्ची तेवढी खोटी. फ्रान्समध्ये हेच घडलं. अठराव्या शतकातल्या म्हणून काही खुर्च्या व्हर्सायच्या राजवाड्यानं विकत घेतल्या, आणि त्या एका नामांकित जाणकारानं आणि एका कसबी सुतारानं जुने सांगाडे वापरून बनवल्याचं २०१६ मध्ये बाहेर आलं. विकत घेणाऱ्यांत नवशिके नव्हते.

आणि आणखी एक प्रकार, जो मला सर्वांत त्रासदायक वाटतो. एका खऱ्या मोडक्या खुर्चीचे पाय एका नव्या खुर्चीला, पाठ दुसऱ्या नव्या खुर्चीला. एकीच्या दोन होतात आणि तपासणीत दोन्हींत खरं लाकूड निघतं. त्यातच खरी खुर्ची पूर्ण घासून, नवं पॉलिश, नवा वेत करून चकचकीत करायची सवय जोडली की उरलेले पुरावेही भुशात जातात. जुनी वस्तू घेणाऱ्यानं दुरुस्तीआधीचा फोटो मागावा. तो नसेल तर किंमत निम्म्याहून खाली आणायला मी तरी कचरणार नाही.

म्हणून गोष्ट फिरून कागदावर येते. जॉर्ज नाकाशिमा यांचं उदाहरण घ्या. हे जपानी-अमेरिकन काष्ठशिल्पी तीसच्या दशकात पाँडिचेरीला अरविंद आश्रमाच्या गोलकोंडे वसतिगृहाच्या बांधकामावर होते आणि १९६४ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत (एनआयडी) येऊन त्यांनी फर्निचर आखलं. पेनसिल्व्हेनियातल्या त्यांच्या कार्यशाळेत मूळ रेखाटनं आणि मागणीची कार्डं जपून ठेवली आहेत. कित्येक वस्तूंच्या तळाला ग्राहकाचं नाव हातानं लिहिलेलं असतं. टेबल आलं की त्यांची मुलगी मीरा यांची कार्यशाळा कार्ड काढते आणि सांगते. लाकूड कुणी चाटून बघत नाही. आपल्याकडे विक्रोळीच्या गोदरेज आर्काइव्हजनं २००६ पासून कारखान्याची जुनी सूचीपत्रं, छायाचित्रं, रेखाटनं राखली आहेत. १९२३ पासून बनणाऱ्या गोदरेजच्या लोखंडी कपाटांना उद्या कुणी संग्राह्य मानलं तर निदान सांगायला जागा आहे. महाराष्ट्राच्या, गुजरातच्या सरकारी सागवानी खुर्च्यांना ती नाही.

नकलेबद्दल मात्र आपण रागावू नये. भारतीय डिझाइन कायद्यात नोंदणी जास्तीत जास्त १५ वर्षं टिकते, आणि पन्नासहून जास्त प्रती काढलेल्या वस्तूच्या आकारावर कॉपीराइटही उरत नाही. जानेरेंच्या खुर्चीसारखी खुर्ची बनवणं गुन्हा नाही. बंगळुरूची फँटम हँड्स ती उघडपणे, आपलं नाव घालून बनवते. इटलीच्या कसिनानं जानेरेंच्या नावानं संग्रहच काढला आहे. मुंबईत ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात जुन्या पद्धतीचं नवं सामान सांगून-सवरून करून मिळतं, आणि तिथला सुतार उत्तम काम करतो. ज्याला बसायला खुर्ची हवी आहे त्यानं तिथूनच घ्यावी. फसवणूक होते ती मधल्या हातात, जिथे 'तशी' या शब्दाची जागा 'ती' घेते.

ज्याला खरीच हवी आहे त्यानं पैसे देण्याआधी तीन गोष्टी मागाव्यात. मूळ सरकारी लिलावाच्या कागदाची प्रत, ज्यात लॉट क्रमांक आणि खातं आहे. त्यानंतरच्या प्रत्येक हातबदलाचं बिल. आणि दुरुस्तीआधीचे सर्व बाजूंचे, उलट्या खुर्चीचेही फोटो. 'एका जुन्या संग्रहातून आली' हे वाक्य ऐकलं की बाहेर पडावं. त्याआधी चंदीगडला जाऊन सेक्टर ५ मधलं जानेरेंचं घर बघावं. २०१७ पासून ते संग्रहालय आहे. तिथे निःशंक खऱ्या खुर्च्या आहेत. खरी वस्तू डोळ्यांखालून गेली नसेल तर खोटी ओळखू येत नाही, आणि हे हिऱ्याच्या पेढीवर बसणाऱ्याला सांगायला नको.

राहिलं आपलं काम. साठच्या दशकात उभी राहिलेली महाविद्यालयं, इस्पितळं, साखर कारखान्यांची कार्यालयं, वाचनालयं, न्यायालयं सुरतेत आहेत, नाशिकला आहेत, कोल्हापूरला आहेत. मूळचे सिंधुदुर्गातल्या आचऱ्याचे वास्तुविशारद अच्युत कानविंदे यांच्या पिढीनं बांधलेल्या इमारतींवर पुस्तकं निघाली. त्या इमारतींत कोण कशावर बसत होतं, याची नोंद कुठेच नाही. अशा प्रत्येक संस्थेतल्या भांडारपालाला माझी विनंती आहे. यंदाच्या निर्लेखनाच्या यादीत लाकडी खुर्ची, टेबल, कपाट आलं तर समितीची सही होण्याआधी त्याचे चारही बाजूंचे आणि तळाचे फोटो काढा, डेडस्टॉक नंबर वाचता येईल असा एक फोटो घ्या, जडवस्तू नोंदवहीतल्या त्या पानाची स्कॅन प्रत त्याला जोडा आणि ती फाइल कायम जतन करायच्या वर्गात टाका. नोंदवही रद्दीत देऊ नका. याला कुठली मंजुरी लागत नाही, खर्च येत नाही, आणि मोबाइल तुमच्या खिशात आहे.